‘कंपनी’ म्हणजे कोण ?

इंग्रजी भाषेंतील जे शब्द आमच्या घरांत, बाजारांत व कचेरींत इतके रुळले आहेत कीं त्यांचें परकेपण आतां कोणास जाणवतहि नाहीं, त्यांत ‘कंपनी’ हा शब्द अग्रगण्य मानावा लागेल. मुलगा कंपनींत नोकरीस लागला, कंपनीनें भाव वाढविले, कंपनी बुडाली, हीं वाक्यें इंग्रजीचा गंधहि नसलेल्या आजीबाईंच्या तोंडीं सहज येतात. आमच्या खापरपणज्यांच्या काळीं हाच शब्द ‘सरकार’ या शब्दास जोडून उच्चारला जाई. आणि पुढील नाटकवेड्या पिढीस गांवांत ‘कंपनी आली’ एवढें ऐकतांच पडदा उघडण्यापूर्वीची घंटा ऐकूं येऊं लागे. एकाच शब्दानें राज्य करावें, दुकान चालवावें आणि नाटकहि करावें, हें नवल खरें. परंतु या नवलाच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. ‘कंपनी’ म्हणजे नेमकें कोण? तिच्या नांवानें जें घडतें त्याचा जाब विचारावयाचा तो कोणास? प्रस्तुत लेखांत या शब्दाच्या अर्थांचा माग काढण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि वाचकांस असें दिसून येईल कीं, अर्थांचा माग काढतां काढतां जबाबदारीचाहि माग आपोआप लागतो.

इंग्रजी कोशांत या शब्दाखालीं अर्थांची मोठी रांग लागलेली आढळते. पहिला अर्थ नुसत्या सहवासाचा. एखाद्याची ‘कंपनी’ आवडते म्हणजे त्याची संगत आवडते. दुसरा अर्थ घरीं आलेल्या पाहुण्यांचा. आज ‘कंपनी’ यावयाची आहे असें इंग्रज गृहिणी म्हणाली, तर जेवावयास मंडळी येणार आहेत एवढेंच समजावयाचें. तिसरा अर्थ लष्करी. सुमारें शंभर-सवाशें शिपायांची एका अंमलदाराच्या हुकुमाखालील तुकडी ती ‘कंपनी’, आणि अशा कांहीं कंपन्या मिळून पलटण होते. चौथा दर्यावर्दी, कप्तानापासून पोऱ्यापर्यंत जहाजावरील सारे लोक मिळून त्या जहाजाची ‘कंपनी’. पांचवा नटांच्या संचाचा. सहावा कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या जुन्या संघांचा. सातवा, आज सर्वांत बलिष्ठ झालेला, भागभांडवलावर चालणाऱ्या व कायद्यानें नोंदलेल्या संस्थेचा. यांपैकीं पहिल्या दोहोंस मराठींत संगत, सोबत, मंडळी असे घरचे शब्द असल्यामुळें ते अर्थ आमच्याकडे उशिरां आले; अलीकडे शहरी बोलींत ‘कंपनी देणें’ असा प्रयोग ऐकूं येतो तेवढाच. बाकीच्यांपैकीं बहुतेक अर्थ मात्र गलबतांतून, छावणींतून आणि कायद्याच्या पुस्तकांतून आमच्या दारीं येऊन पोंचले.

इतक्या भिन्न अर्थांचें मूळ एकच आहे आणि तें मोठें घरगुती आहे. लॅटिन भाषेंत ‘कॉम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस्’ म्हणजे भाकरी. या दोहोंपासून उत्तरकालीन लॅटिनमध्यें ‘कंपानिओ’ हा शब्द झाला. अर्थ, आपल्याबरोबर भाकरी खाणारा. जर्मन वंशाच्या लोकांच्या जुन्या भाषांत याच घडणीचा शब्द होता, आणि लॅटिन शब्द हें त्याचेंच रूपांतर असावें असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. फ्रेंच भाषेंतून तो नॉर्मन लोकांच्या पाठोपाठ इंग्रजींत आला. भाकरीवरून माणसांचीं नातीं ओळखण्याची ही रीत इंग्रजीस नवी नव्हती. ‘लॉर्ड’ या भारदस्त शब्दाचा मूळचा अर्थ भाकरीचा राखणदार, आणि ‘लेडी’ या शब्दाचा अर्थ भाकरीचें पीठ मळणारी, असा आहे. मराठी वाचकांस यांत परकें असें कांहीं वाटूं नये. रोटीव्यवहार, पंक्तीचा लाभ, खाल्ल्या मिठाला जागणें, या आमच्या शब्दांतहि हीच दृष्टि आहे. ज्याच्याबरोबर अन्न खाल्लें त्याच्याशीं माणूस बांधला जातो. भाकरींत वांटा मिळाला म्हणजे संकटांतहि वांटा उचलावा लागतो. ‘कंपनी’ या शब्दाच्या पोटांत जन्मतः हे दोन वांटे होते, हें ध्यानांत ठेवून आपण पुढें जाऊं.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत तेराव्या-चौदाव्या शतकांत ज्या मोठ्या पेढ्या भरभराटल्या त्यांस ‘कंपान्यिया’ म्हणत. एका घराण्याचे भाऊबंद व त्यांचे निकटचे भागीदार मिळून ही पेढी चाले, आणि पेढीच्या देण्याबद्दल प्रत्येक भागीदार आपल्या सर्व मालमत्तेनिशीं बांधलेला असे. बार्दी आणि पेरुत्सी या दोन घराण्यांच्या पेढ्यांनीं इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड यास फ्रान्सवरील स्वारीसाठीं प्रचंड रकमा कर्जाऊ दिल्या. राजाकडून पैसा परत येईना. त्या व इतर कारणांनीं १३४३ सालीं पेरुत्सी बुडाले आणि १३४६ सालीं बार्दी बुडाले. पेढी बुडाली म्हणजे भागीदारांचे वाडे व शेतेंहि गेलीं. हा प्रकार कठोर होता खरा. परंतु ‘कंपनी’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्या काळच्या धनकोस पडत नसे. कंपनी म्हणजे हीं माणसें, हे त्यांचे वाडे, आणि हीं त्यांचीं नांवें, इतकें तें उघड होतें.

याच शतकांत त्या शब्दाचा दुसरा अर्थ तलवार उपसून युरोपभर हिंडत होता. पगारासाठीं कोणाच्याहि बाजूनें लढणाऱ्या शिपायांच्या टोळ्यांस ‘कंपनी’ म्हणत. त्यांतील कॅटलन कंपनीची हकीगत हिंदी वाचकानें अवश्य लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १३०३ सालीं कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बादशहानें तुर्कांशीं लढण्यासाठीं तिला चाकरीस ठेविलें. पुढें तिच्या नायकाचा खून झाला, तेव्हां ती धन्यावरच उलटली व बादशाही मुलूख लुटीत ग्रीसमध्यें उतरली. तेथें अथेन्सच्या ड्यूकनें तिला आपल्या कामास लाविलें आणि काम झाल्यावर पगार चुकविण्याचें नाकारलें. १३११ सालीं लढाई झाली. ड्यूक मारला गेला. आणि अथेन्सच्या राज्यावर ‘कंपनी’ बसली. पाऊण शतकाहून अधिक काळ तो मुलूख तिच्या हातीं राहिला. चाकर म्हणून आलेली आणि मालक होऊन बसलेली कंपनी जगानें प्रथम पाहिली ती हिंदुस्थानांत नव्हे, हें यावरून दिसून येईल.

लंडन शहरांत मात्र या शब्दास शिस्तीचें वळण लागलें. सोनार, कातडीवाले, शिंपी, कापडवाले अशा एकेका धंद्याचे संघ राजाकडून सनदा मिळवून ‘कंपनी’ म्हणून वावरूं लागले. सोनारांच्या संघास १३२७ सालीं सनद मिळाली. उमेदवार किती वर्षें शिकेल, माल कोणत्या कसाचा असावा, मृत सभासदाच्या विधवेस काय द्यावें, हें सारें संघ ठरवी; आणि वर्षांतून ठराविक दिवशीं सर्व सभासद आपल्या दिवाणखान्यांत एकत्र जेवीत. १५५७ सालीं छापखानेवाल्यांच्या व पुस्तकविक्यांच्या संघास सनद मिळून ग्रंथमुद्रणाचें नियंत्रणच त्याच्या हातीं आलें. नटांचे संचहि याच सुमारास ‘कंपनी’ म्हणविले जाऊं लागले. शेक्सपीयर ज्या संचांत होता त्यांत कांहीं नट स्वतःच भागीदार असत व उत्पन्न वांटून घेत. येथपर्यंत, धंदा कोणताहि असो, कंपनी म्हणजे एकमेकांस तोंडओळखीनें जाणणारीं माणसें, हा मुळांतील अर्थ टिकून होता.

३१ डिसेंबर १६०० रोजीं इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें एका नव्या कंपनीस सनद दिली. ‘पूर्वेकडील देशांशीं व्यापार करणारे लंडनचे व्यापारी, त्यांचा गव्हर्नर व कंपनी’ असें तिचें लांबलचक नांव. सनदेंत दोनशेंहून अधिक इसमांचीं नांवें होतीं. परंतु महत्त्वाचें कलम असें कीं, हे सर्व मिळून कायद्याच्या दृष्टीनें ‘एक देह’ समजावे. त्या देहास स्वतःचा शिक्का असेल, तो मालमत्ता धारण करील, दावे लावील. आणि त्यांतील माणसें मेलीं तरी तो मरणार नाहीं. ही कल्पना नवी नव्हती. नगरपालिका, मठ व विद्यापीठें यांस ती पूर्वींपासून लागू होती. पण कायद्यानें निर्माण केलेल्या या देहांत कांहीं उणें आहे, हें तत्कालीन न्यायाधीशांस चांगलें ठाऊक होतें. १६१२ च्या एका प्रसिद्ध खटल्यांत सर एडवर्ड कोक यानें स्पष्ट केलें कीं, अशा देहास राजद्रोह करतां येत नाहीं आणि त्यास धर्मबहिष्कृतहि करतां येत नाहीं, कारण त्यास आत्मा नाहीं.

आरंभीं या कंपनीचा कारभार साधा होता. प्रत्येक सफरीसाठीं भांडवल गोळा करावयाचें, जहाजें परत आलीं कीं मिरी विकून नफा वांटून टाकावयाचा, आणि तें खातें मिटवावयाचें. जेम्स लँकॅस्टर १६०१ सालीं चार गलबतें घेऊन निघाला व १६०३ सालीं परतला तो असाच. १६५७ सालापासून भांडवल कायमचें झालें. सफर संपली म्हणून कोणी आपला पैसा परत मागावयाचा नाहीं. हवा तर आपला भाग दुसऱ्यास विकावा. हा बदल हिशेबनिसाच्या दृष्टीनें क्षुल्लक, परंतु शब्दाच्या दृष्टीनें मोठा आहे. आज ज्याच्या हातीं भाग आहे तो उद्यां नसेल. त्यानें समुद्र पाहिला नसेल, मिरीचें वेल तर नाहींच नाहीं. गलबतावर एका हंड्यांतलें अन्न खाणारी जहाजाची ‘कंपनी’ निराळी, आणि लंडनमध्यें लाभांशाची वाट पाहणारी ‘कंपनी’ निराळी, अशी फारकत येथें झाली. शब्द मात्र दोहोंस एकच राहिला.

लवकरच तिसरा अर्थहि याच देहांत शिरला. दुसऱ्या चार्ल्सच्या १६६१ च्या सनदेनें ख्रिस्ती नसलेल्या राजांशीं युद्ध किंवा तह करण्याचा अधिकार कंपनीस मिळाला. त्याच राजास पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणांत मिळालेलें मुंबई बेट त्यानें १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड सोनें एवढ्या नाममात्र खंडानें कंपनीच्या स्वाधीन केलें. बेटाबरोबर तेथले शिपाईहि तिच्या चाकरीस आले. आतां व्यापाऱ्यांच्या कंपनीच्या पदरीं शिपायांच्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि शब्दाचे दोन अर्थ मालक व चाकर या नात्यानें एका घरांत नांदूं लागले.

आमच्याकडील मुत्सद्यांस या पाहुण्यांची पारख नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’त सावकारांचें प्रकरण आहे. राज्यास सावकार ही शोभा, त्यांस जपावें, असा उपदेश करून लगेच अमात्य टोपीकरांस त्यांतून वगळतात. हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांचे धनी प्रत्येकीं राज्य करणारे आहेत व त्यांच्याच हुकुमानें हे येथें येतात. यांस मुलुखाचा लोभ आहे. म्हणून यांस किनाऱ्यावर बळकट जागा देऊं नये, असा त्यांचा इशारा आहे. या दूरदृष्टीचें कौतुक करावें तेवढें थोडें. तथापि एक गोष्ट अमात्यांच्या कल्पनेंतहि येण्यासारखी नव्हती. टोपीकरांच्या मागें कोणी राजा असावा असें त्यांनीं धरलें. इंग्रजांच्या मागें राजा होता, पण थोडा दूर; निकट धनी म्हणून जी होती ती भागीदारांची सभा. राजाशीं तह करतां येतो, त्याच्या शब्दाची परीक्षा घेतां येते, त्याच्या अब्रूस हात घालतां येतो. सभेची अब्रू कोठें असते?

या प्रश्नाचें उत्तर पुणें दरबारास लौकरच अनुभवानें मिळालें. १७७५ च्या मार्चांत मुंबईकर इंग्रजांनीं सुरतेस रघुनाथरावांशीं तह केला व साष्टी आणि वसई यांच्या मोबदल्यांत त्यांस गादीवर बसविण्याचें कबूल केलें. त्यापूर्वीं दोनच वर्षें पार्लमेंटनें केलेल्या कायद्यान्वयें मुंबईवर कलकत्त्याची देखरेख आली होती. कलकत्त्याच्या कौन्सिलानें हें युद्ध अन्यायाचें व बेपरवानगीचें ठरवून कर्नल अप्टन यास पुण्याकडे पाठविलें. त्यानें १७७६ च्या मार्चांत पुरंदरास निराळा तह केला. इतक्यांत लंडनच्या डायरेक्टरांचें पत्र येऊन पोंचलें, त्यांत सुरतेचा तह मान्य केलेला! एकच कंपनी मुंबईंत हो म्हणते, कलकत्त्यांत नाहीं म्हणते, आणि लंडनमध्यें पुन्हां हो म्हणते. यापुढील प्रकार तर याहून बोलका आहे. १७७९ च्या जानेवारींत रघुनाथरावांस घेऊन पुण्यावर चालून आलेली मुंबईची फौज वडगांवीं कोंडली गेली. महादजी शिंदे व नाना फडणीस यांच्या पुढें नमून तिच्या मुखत्यारांनीं करार लिहून दिला आणि फौज सुखरूप परत गेली. फौज पोंचतांच मुंबई व कलकत्ता दोहोंनींहि करार झिडकारला. कारण काय, तर सही करणाऱ्यांस तसा अधिकार नव्हता. फौज कंपनीची होती, सुटका कंपनीची झाली, पण वचन तेवढें कंपनीचें नव्हतें. मराठ्यांनीं पकडलें होतें तें शिपायांच्या कंपनीस. निसटली ती कागदावरची कंपनी.

बंगालची हकीगत याहून दारुण आहे. १२ ऑगस्ट १७६५ रोजीं बादशहा शहा आलम यानें बंगाल, बहार व ओरिसा यांची दिवाणी कंपनीस दिली. लंडनमध्यें भागांचे भाव चढले. ब्रिटिश सरकारनेंहि १७६७ पासून वर्षाकांठीं चार लक्ष पौंड आपल्या पदरांत पाडून घेतले. पाठोपाठ १७६९-७० चा दुष्काळ आला. प्रांतांतील निदान एकतृतीयांश लोक मेले असावेत असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जनें दिला आहे. आणि त्याच्याच लिहिण्यावरून कळतें कीं १७७१ ची वसुली दुष्काळापूर्वींच्या १७६८ च्या वसुलीपेक्षांहि अधिक झाली, कारण ती बळजबरीनें पूर्वींच्या मानावर ठेवण्यांत आली. त्याच वर्षीं लंडनमध्यें लाभांश साडेबारा टक्क्यांवर नेण्यांत आला. सह आणि भाकरी या दोन शब्दांपासून ज्याचें नांव घडलें त्या देहानें हें केलें. डायरेक्टर म्हणत, आम्हांस तिकडचें कळलें नाहीं. कलकत्तेकर म्हणत, आम्हांवर वसुलीचा तगादा होता. भागीदारास तर कांहीं विचारण्याची गरजच नव्हती. यांतला प्रत्येकजण थोडाबहुत खरेंच बोलत होता, आणि तेंच या गोष्टींतील सर्वांत भयंकर अंग आहे.

१७७२ सालीं कंपनीची तिजोरी रिती झाली, तेव्हां तिनें सरकारपुढें हात पसरला. १७७३ सालीं चौदा लक्ष पौंडांचें कर्ज व त्याबरोबर नियंत्रणाचा कायदा असा दुहेरी प्रसाद तिला मिळाला. गोदामांत पडलेला तिचा चहा अमेरिकेंत खपविण्याची सवलत मिळाली. तोच चहा १६ डिसेंबर १७७३ रोजीं बोस्टनच्या बंदरांत फेकला गेला. पुढें १७८४ सालीं कंपनीवर सरकारी मंडळ बसलें, १८१३ सालीं हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता गेला, आणि १८३३ च्या कायद्यानें व्यापारच बंद करण्यांत आला. येथें विनोदाची परिसीमा झाली. ज्या कायद्यानें तिचें दुकान मिटलें त्याच कायद्यानें तिला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हें सुटसुटीत नांव अधिकृतपणें लावण्याची मोकळीक मिळाली. १८३५ पासून पाडलेल्या रुपयावर एका बाजूस राजाचें मस्तक व दुसऱ्या बाजूस कंपनीचें नांव झळकूं लागलें, तेव्हां ती दिडकीचाहि माल विकीत नव्हती.

भागीदारांची मात्र आबाळ झाली नाहीं. साठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षास सहा लक्ष तीस हजार पौंड लाभांश, हिंदुस्थानच्या महसुलांतून द्यावा, आणि शेवटीं शंभर पौंडांच्या भागास दोनशें पौंड देऊन तो फेडावा, असें ठरलें. १८५७ चा रणसंग्राम झाला. १८५८ सालीं राज्यकारभार राणीकडे गेला. शिपायांच्या कंपन्या राणीच्या झाल्या. व्यापार गेला, राज्य गेलें, फौज गेली. लाभांश तेवढा आणखी सोळा वर्षें येत राहिला. १ जून १८७४ रोजीं कंपनी कायद्यानें विसर्जित झाली. तिच्या सर्व अर्थांत शेवटपर्यंत जिवंत राहिला तो केवळ भागाच्या कागदाचा अर्थ.

वाचक म्हणतील, ही जुनी कथा झाली. पण शब्दाचा प्रवास येथें थांबला नाहीं. १८५५ च्या कायद्यानें इंग्लंडांत, व १८५७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत, मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांस मोकळीक मिळाली. भागीदारानें आपल्या भागापुरतेंच गमवावें, अधिक नाहीं. बार्दींचे वाडे गेले तसे आतां कोणाचे जाणार नव्हते. १८९६ सालीं लंडनच्या सॉलोमन नांवाच्या बूटवाल्याचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. कायद्यास सात सभासद हवे होते. यानें आपला धंदा कंपनीच्या नांवें करून वीस हजार एक भाग स्वतः घेतले आणि बायको, मुलगी व चार मुलगे यांस एकेक भाग दिला. कंपनी बुडाल्यावर धनको म्हणूं लागले कीं, कंपनी म्हणजेच सॉलोमन. न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं नव्हे. कंपनी ही त्याच्याहून निराळी व्यक्ति आहे. आमच्या २०१३ च्या कायद्यानें तर एकट्या माणसाची ‘एकल व्यक्ति कंपनी’ वैध केली आहे. सहभोजनापासून निघालेला शब्द एकट्याच्या ताटापर्यंत येऊन पोंचला!

या युक्तीचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली ती अनेकांचें भांडवल एकत्र करून. थोड्या पुंजीच्या माणसांनीं सर्वस्व पणास न लावतां आगगाड्या, गिरण्या व कारखाने उभे केले ते याच बळावर. परंतु ज्या भिंतीनें भित्र्या भांडवलास धीर दिला, तीच भिंत पीडितांच्या आड येते. १९८४ च्या डिसेंबरांत २ व ३ तारखेच्या दरम्यानच्या रात्रीं भोपाळ येथें युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटून हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. कारखाना चालविणारी हिंदी कंपनी निराळी व तिचे निम्म्याहून अधिक भाग बाळगणारी अमेरिकन कंपनी निराळी, असा पवित्रा त्या अमेरिकन कंपनीनें घेतला. १९८९ सालीं सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ‘कोण’ या प्रश्नास मात्र भोपाळकरांस समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. वडगांवच्या करारावर सही करणारे ‘कंपनी’ नव्हते. भोपाळचा कारखाना चालविणारीहि ‘ती’ कंपनी नव्हती. दोनशें वर्षांचें अंतर, युक्तिवाद तोच.

आम्हांस या सर्व प्रवासांत एक नियम दिसतो. शब्द जुन्या अर्थावरून नव्या अर्थावर जातो तेव्हां जुन्या अर्थाची पत बरोबर नेतो, जुन्या अर्थाचें ऋण मात्र मागें ठेवतो. ‘कंपनी’ म्हटल्यावर सहवासाची, एकदिलाची, बरोबरीच्या माणसांची जी ऊब मनास वाटते ती भाकरीच्या अर्थाची कमाई. ती खर्च करतो भागाच्या कागदाचा अर्थ. म्हणून ज्या शब्दास अनेक अर्थ असतात तो बोलणारानें कोणत्या अर्थानें वापरला आणि ऐकणारानें कोणत्या अर्थानें घेतला, हें तपासणें केवळ वैय्याकरणाचें काम नव्हे.

मराठी माणसानें या शब्दास आपल्या घरीं जो एक निराळा संस्कार केला त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं जो संच उभारला, किंवा १९१३ सालीं जी गंधर्व संस्था निघाली, त्यांच्या पाटीवर ‘नाटक मंडळी’ असें असे. लोकांच्या तोंडीं मात्र ती ‘कंपनी’च. या कंपन्यांत भागीदारीचे तंटे होते, कर्जें होतीं, फाटाफूटहि होती. तथापि नायकापासून पडदे ओढणाऱ्या गड्यापर्यंत सर्वांचें बिऱ्हाड एक, मुदपाकखाना एक आणि पंगत एक. गांवोगांव हिंडतांना कोणाचें दुखलें-खुपलें तर तें कंपनीनें पाहावयाचें. लॅटिन कोशाचें नांवहि न ऐकलेल्या या लोकांनीं त्या शब्दाचा पहिला अर्थ आपल्या ताटांत जिवंत ठेविला होता.

असो. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतील बहुतेक मुलेंमुली आज कोणत्या ना कोणत्या कंपनींत काम करतात, आणि आपल्यापैकीं पुष्कळांच्या पेटींत किंवा खात्यांत कोणत्या ना कोणत्या कंपनीचे भाग आहेत. म्हणजे लंडनच्या त्या सभेंत बसणारा भागीदार आतां आपणच आहों. लाभांशाचा आंकडा वाचून तो कागद बाजूस ठेवण्यापूर्वीं, ही भाकर कोणाबरोबर खाल्ली आणि कोणाच्या ताटांतून आली, एवढी चौकशी आपण करूं शकतों. वार्षिक सभेंत प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यानें प्रत्येक भागीदारास दिलेला आहे; तो बजावणारे थोडे असतात. बंगालच्या दुष्काळाच्या वर्षीं लेडनहॉल रस्त्यावरील त्या इमारतींत मत देणारे शेंकडों गृहस्थ होते. ते क्रूर नव्हते. आपल्यासारखेच घरगृहस्थीचे, चर्चला जाणारे, मुलांस शिकविणारे लोक होते. ‘कंपनी’ म्हणजे कोण, असें त्यांस कोणी विचारतें, तर त्यांनीं भिंतीवरील शिक्क्याकडे बोट दाखविलें असतें. तेंच बोट आपण स्वतःकडे वळवूं शकतों काय, एवढाच प्रश्न वाचकांपुढें ठेवून आम्ही हा लेख पुरा करतों.